अमेरिकेहून परतल्यावर लाइमची चाचणी: कधी करावी, कधी टाळावी

मे ते ऑगस्ट हा मुंबईतल्या आईवडिलांचा मुलांकडे अमेरिकेला जायचा हंगाम. न्यू जर्सी, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया या भागांत घरामागच्या अंगणाला लागूनच झाडी असते, आणि लाइम (गोचिडीच्या चाव्यातून होणारा जंतुसंसर्ग) पसरवणाऱ्या काळ्या पायांच्या गोचिडीची पिल्लं नेमकी मे ते जुलैत सर्वांत जास्त चावतात. पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं. चावलेलं दुखत नाही, त्यामुळे बहुतेकांना पत्ताही लागत नाही. मग दादरला किंवा बोरिवलीला परतल्यावर मांडीवर लाल चट्टा उठतो, गुडघा टम्म फुगतो किंवा तोंड एका बाजूला वाकडं होतं. तिकडून फोनवर मुलगी सांगते, ‘लाइम टेस्ट करून घ्या’. इथल्या लॅबच्या यादीत त्या नावाने दोन-तीन चाचण्या दिसतात, त्यांतली स्वस्त किंवा महाग एखादी केली जाते, आणि हातात पडलेला कागद कुणालाच धड वाचता येत नाही.

याचं कारण चाचणीच्या स्वभावातच आहे. लाइमची नेहमीची रक्तचाचणी जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने केलेली प्रतिपिंडं म्हणजे अँटिबॉडी शोधते. त्या तयार व्हायला काही आठवडे लागतात, एकदा झाल्या की वर्षानुवर्षं राहतात, आणि दुसऱ्याच आजारातल्या अँटिबॉडीही या चाचणीत चिकटून पॉझिटिव्ह दाखवू शकतात. म्हणून कुठे गेला होतात, कधी परतलात आणि लक्षण कोणत्या तारखेला सुरू झालं, या तीन गोष्टी माहीत नसतील तर रिपोर्टचा अर्थ लावता येत नाही. लॅबमध्ये जाण्याआधी या तिन्ही गोष्टी एका कागदावर लिहून काढा.

मुळात चाचणी करायची का?

पहिला प्रश्न प्रवासाचा. लाइमचा जंतू बोरेलिया. अमेरिकेत प्रामुख्याने बोरेलिया बर्गडॉर्फेराय, युरोपात त्याच्या जोडीला अफझेलिआय आणि गारिनिआय. तो पसरवतात इक्सोडिस जातीच्या गोचिडी. मुंबईत कुत्र्याच्या कानामागे सापडते ती तपकिरी गोचीड वेगळी, ती लाइम पसरवत नाही. भारतात हिमाचल आणि ईशान्येकडून तुरळक नोंदी आहेत, कर्नाटकातल्या नागरहोळे-बंदीपूर जंगलपट्ट्यातल्या लोकांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्याचे अभ्यासही आहेत. तिकडे जंगलात राहून आलेल्या माणसाला लाइमसारखंच लक्षण असेल तर विचार जरूर करावा. पण जो माणूस वर्षभर अंधेरी-चर्चगेटच्या पलीकडे गेलेला नाही, त्याच्या सांधेदुखीसाठी लाइमची चाचणी म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेला घोळ.

हा घोळ आकड्यांत बघा. कुठेही न गेलेले, अंग दुखतं म्हणून आलेले १,००० मुंबईकर घ्या. त्यांच्यात खरा लाइम एकालाही नाही असं धरू. चाचणी निरोगी माणसाला ९५ टक्के वेळा बरोबर निगेटिव्ह सांगते असं धरलं, तरी ५० जणांच्या हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट पडेल, आणि पन्नासच्या पन्नास खोटे असतील. आता दुसरे १,००० घ्या: कनेक्टिकटला उन्हाळा काढून आलेले, एक गुडघा सुजलेले. त्यांच्यात ३०० जणांना खरा लाइम आहे असं धरलं, तर उरलेल्या ७०० मध्ये ३५ खोटे पॉझिटिव्ह येतील, पण खरे जवळपास तीनशे सापडतील. किट तेच, लॅब तीच. तरी पहिल्या गटात पॉझिटिव्ह शब्दाला काडीची किंमत नाही आणि दुसऱ्या गटात तो बहुतेकदा खरा आहे. थकवा, केस गळणं, झोप न लागणं, विसरभोळेपणा एवढ्याच तक्रारींवर ‘एकदा करून बघू’ म्हणून ही चाचणी करू नये, ती यासाठी.

कोकणात किंवा गोव्याच्या सीमेवर गोचीड चावली आणि ताप आला, तर विचार लाइमचा नाही, माकडतापाचा (गोचिडीतून होणारा विषाणूचा ताप) करायचा. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात तो २०१६ पासून आहे आणि त्याची चाचणी पहिल्या काही दिवसांतल्या रक्तावर आरटी-पीसीआरने होते. डोंगर-गवतातून आल्यावर ताप आणि अंगावर कुठेतरी सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसली तर स्क्रब टायफस, म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप. ही खपली काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली लपलेली असते. कपडे काढून बघितल्याशिवाय सापडत नाही.

चट्टा असेल तर रक्त देऊ नका, डॉक्टरला दाखवा

लाइमचा खास चट्टा चावल्यापासून ३ ते ३० दिवसांत उठतो, रोज पसरत जातो, ५ सेंटिमीटरच्या वर जातो. तो फारसा खाजत नाही, फारसा दुखत नाही. फोटोंत दिसतो तसा लक्ष्याच्या वर्तुळांसारखा प्रत्येक वेळी नसतो. पुष्कळदा नुसताच सरसकट लाल असतो. त्याची कड पेनने आखून ठेवा, तारीख घाला, शेजारी पट्टी धरून फोटो काढा. दुसऱ्या दिवशी लाली रेषेच्या बाहेर गेली की पसरतोय हे सिद्ध झालं. सावळ्या कातडीवर लाली जांभळट किंवा नुसती गडद दिसते, म्हणून फोटो दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ काढा, ट्यूबलाइटखाली नको. चावल्यावर एक-दोन दिवसांतच उठलेला, छोटा, खाजरा लाल ठिपका ही बहुधा चाव्याचीच ॲलर्जी असते.

लाइमच्या भागातून आलेल्या माणसाला असा पसरणारा चट्टा असेल तर निदान तिथेच झालं, उपचार लगेच सुरू करायचे. या टप्प्यावर रक्तचाचणी निम्म्याहून जास्त रुग्णांत निगेटिव्ह येते, कारण अँटिबॉडी अजून तयारच झालेल्या नसतात. सर्वांत महागात पडणारी चूक हीच: चट्टा समोर, रिपोर्ट निगेटिव्ह, आणि त्या कागदावर विसंबून उपचार थांबवले. मुंबईतल्या डॉक्टरांना हा चट्टा क्वचितच बघायला मिळतो, गजकर्ण किंवा सेल्युलायटिस (कातडीखालचा संसर्ग) म्हणून मलम मिळण्याची शक्यता मोठी. ‘मी तीन आठवड्यांपूर्वी न्यू जर्सीत होतो’ हे वाक्य तुम्हीच आधी बोला. चट्ट्याबद्दल खात्री नसेल तर एक नमुना आज आणि दुसरा २ ते ३ आठवड्यांनी घ्यायचा, आणि दोन्हींची तुलना करायची.

नुसती गोचीड चावली, लक्षण काही नाही? तरीही रक्त देऊ नका. गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढून काढायची. तेल, रॉकेल, काडीचा चटका यांतलं काही नको. ती इक्सोडिस जातीची होती, लाइमच्या भागातली होती आणि ३६ तास किंवा जास्त चिकटून होती असं दिसत असेल, तर काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टर मोठ्या माणसाला डॉक्सीसायक्लिनचा २०० मिलिग्रॅमचा एकच डोस देऊ शकतात. विमानाच्या आदल्या दिवशी गोचीड सापडली तर हा डोस तिकडेच मिळवणं सोपं. इथे उतरून, अपॉइंटमेंट घेऊन डॉक्टरपर्यंत पोचेपर्यंत मुदत निघून जाते. काढलेली गोचीड डबीत ठेवा, ओळख पटवायला उपयोगी पडते. पण तिच्यात जंतू आहे का हे तपासून उपचार ठरवत नाहीत.

परतल्यावर ताप आला तर क्रम बदला

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत उतरलेल्या माणसाला ताप आला तर आधी मलेरिया, डेंग्यू, लेप्टो. तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी गेला असेल तर लेप्टो आणखी वर. लाइम या रांगेत मागे आहे, पण त्याच गोचिडीने दिलेले दोन सोबती इथे चकवतात. बॅबेसिया हा परजीवी तांबड्या पेशीत शिरतो आणि स्लाइडवर थेट फाल्सिपेरम मलेरियाच्या रिंगसारखा दिसतो. मुंबईचा तंत्रज्ञ दिवसभर मलेरियाच बघत असतो, तो साहजिकच मलेरिया लिहील. खुणा अशा: मलेरियाचं रॅपिड कार्ड निगेटिव्ह, पेशीत मलेरियाचं तपकिरी रंगद्रव्य नाही, आणि कधीमधी चार ठिपक्यांची फुली. दुसरा ॲनाप्लाझ्मा: पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट कमी, लिव्हरची एन्झाइम वाढलेली, म्हणजे हुबेहूब डेंग्यूचा सीबीसी. एकट्या लाइममध्ये प्लेटलेट सहसा पडत नाहीत. अमेरिकेच्या ईशान्य भागातून आलेल्या माणसाची डेंग्यूची एनएस१ आणि आयजीएम चाचणी निगेटिव्ह, तरी प्लेटलेट ८० हजार, असं दिसलं तर ॲनाप्लाझ्माचा विचार करा आणि लॅबला स्लाइड पुन्हा बघायला सांगा. पॅथॉलॉजिस्टला प्रवासाची एक ओळ लिहून दिली तर तो वेगळ्या नजरेने बघतो.

छातीत धडधड, चक्कर, नाडी मंद अशी लक्षणं असतील तर लाइमच्या रिपोर्टची वाट बघत बसू नका. आधी ईसीजी. हृदयाच्या विद्युतवहनात अडथळा आला असेल तर तो पाच मिनिटांत कळतो, अँटिबॉडीचा रिपोर्ट यायला दिवस जातात.

लॅबला फोन करून काय विचारायचं

‘लाइम होतं का?’ एवढं विचारलंत तर ‘हो’ एवढंच उत्तर मिळेल. विचारायचं ते असं: पहिली चाचणी एलायझा आहे की केमिल्युमिनेसन्स (दोन्ही अँटिबॉडी मोजायच्या पद्धती)? आयजीएम (आधी तयार होणारी अँटिबॉडी) आणि आयजीजी (मागून येऊन टिकणारी) वेगळे देता का? पहिली पॉझिटिव्ह किंवा सीमारेषेवर आली तर त्याच नमुन्यावर ब्लॉट (वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे खात्री करणारी दुसरी चाचणी) करता का, की पुन्हा रक्त द्यावं लागेल? किट अमेरिकी जातीसाठी आहे की युरोपीय जातींसाठीही? नमुना इथेच लावता की दुसऱ्या शहरात पाठवता, आणि बॅच कोणत्या वारी लागते? ही चाचणी तुमच्या एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या यादीत आहे का? लॅबला मान्यता आहे म्हणजे तिच्या प्रत्येक चाचणीला आहे असं नसतं.

बॅचचा प्रश्न फालतू नाही. प्रत्येक वेळी एलायझाची खान्यांची प्लेट लावली की ब्लँक, कंट्रोल आणि कटऑफ या तुलनेसाठीच्या नमुन्यांमध्येच चार-पाच खाने खर्ची पडतात. एका नमुन्यासाठी ते परवडत नाही, म्हणून मागणी कमी असलेल्या चाचणीचे नमुने साठवून एकदम लावले जातात. तुमचा नमुना चुकीच्या वारी पोचला तर तो आठवडाभर फ्रीजमध्ये पडून राहील.

सुरुवातच वेस्टर्न ब्लॉटने करायची नाही. काही पॅकेजांत तो थेट विकला जातो. आधी एलायझाची गाळणी न लावता केलेल्या ब्लॉटमध्ये खोट्या रेषांचं प्रमाण वाढतं.

नमुना देताना

उपाशी राहायची गरज नाही, पण तासाभरापूर्वी वडापाव खाऊन जाऊ नका. चरबीने दुधाळ झालेलं सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ भाग) काही पद्धतींत अडचण करतं. साध्या लाल किंवा जेलच्या पिवळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये ३ ते ५ मिलि रक्त पुरतं. फॉर्मवर लक्षणाची तारीख, प्रवासाचं ठिकाण, आणि घेतलेली अँटिबायोटिक लिहा. पावसात लेप्टोच्या भीतीने घेतलेली डॉक्सीसायक्लिनही लिहा, कारण लाइमच्या सुरुवातीलाच अँटिबायोटिक पडलं तर पुढे अँटिबॉडी तयारच न होण्याची शक्यता असते. तोंड वाकडं झालंय किंवा पायातली ताकद गेलीय म्हणून हॉस्पिटलात आयव्हीआयजी (शिरेतून दिलं जाणारं अँटिबॉडींचं औषध) चढवणार असतील, तर लाइमचं रक्त त्याआधी काढून घ्या. आयव्हीआयजीत हजारो दात्यांच्या अँटिबॉडी असतात, नंतरचा पॉझिटिव्ह रिपोर्ट कुणाचा ते कळत नाही.

कलेक्शन सेंटरवाल्यांसाठी: ट्यूब उभी ठेवून ३० मिनिटं गोठू द्या, मगच सेंट्रिफ्यूज. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या आजी-आजोबांचं रक्त गोठायला वेळ लागतो. घाई केली की सीरममध्ये फायब्रिनचे धागे राहतात, ते पिपेटच्या टोकात अडकतात, खान्यात १०० ऐवजी ६० मायक्रोलिटर पडतं आणि खोटा निगेटिव्ह निघतो. डोंबिवली किंवा विरारहून मध्यवर्ती लॅबकडे नमुना निघणार असेल तर सीरम वेगळं करूनच पाठवा. न फिरवलेली ट्यूब बर्फाच्या पॅकला चिकटवून दुचाकीवरून हादरत नेली की तांबड्या पेशी फुटतात आणि सीरम रूह अफ्जासारखं लाल होतं. असा नमुना परत मागवायचा, ‘चालवून घेऊ’ म्हणायचं नाही. वेगळं केलेलं सीरम २ ते ८ अंशांवर, किटच्या कागदात लिहिलेल्या मुदतीपर्यंत. त्याहून जास्त थांबायचं असेल तर उणे २० अंशांवर. पुन्हा पुन्हा गोठवणं-वितळवणं टाळा, आणि जोडनमुन्याची तुलना करायची असेल तर पहिल्यातलं अर्धा मिलि सीरम वेगळ्या नळीत राखून ठेवा. दोन्ही नमुने एकाच प्लेटवर शेजारी लावले तरच फरक विश्वासाने सांगता येतो.

प्लेट लावताना चुकतं ते

हा भाग लॅबवाल्यांसाठी. एलायझाची पद्धत किटगणिक बदलते, किटचा कागद हाच कायदा. तरी साधारण मार्ग असा: १० मायक्रोलिटर सीरम १ मिलि डायल्युएंटमध्ये (पातळ करायचा द्राव), म्हणजे १:१०१. त्यातलं १०० मायक्रोलिटर खान्यात, ३० मिनिटं. तीनदा धुणं, दर वेळी ३०० मायक्रोलिटर. मग कॉन्जुगेट (अँटिबॉडीला चिकटणारा, एन्झाइम जोडलेला द्राव) १०० मायक्रोलिटर, पुन्हा ३० मिनिटं, पुन्हा तीनदा धुणं. टीएमबी सबस्ट्रेट (रंग आणणारा द्राव) १०० मायक्रोलिटर, अंधारात १५ मिनिटं. स्टॉप सोल्यूशन घालून अर्ध्या तासाच्या आत ४५० नॅनोमीटरवर वाचन.

मुंबईत पहिला शत्रू दमट हवा. फ्रीजमधून काढलेली फॉइलची पिशवी लगेच फाडली तर पट्टीच्या खान्यांत दव धरतं आणि तळाला लावलेला अँटिजन बिघडतो. पिशवी बंद असतानाच अर्धा तास बाहेर ठेवा, हव्या तेवढ्याच पट्ट्या काढा, सिलिकाची पुडी आत ठेवून पिशवी पुन्हा सील करा. दुसरा शत्रू उकाडा. ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे किटच्या भाषेत १८ ते २५ अंश, मे महिन्यातल्या परळच्या खोलीतले ३३ नव्हेत. एसी बंद पडलेल्या खोलीत रंग जास्त चढतो, सीमारेषेवरचे नमुने उडी मारून पॉझिटिव्हमध्ये जातात. थेट एसीच्या झोताखाली ठेवलेल्या प्लेटचे कडेचे खाने वेगळे वागतात, म्हणून प्लेट झाकून टेबलाच्या मध्ये ठेवा.

धुणं हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. वॉशरची एखादी सुई क्षाराने तुंबली की एकाच ओळीतले सगळे खाने पिवळे दिसायला लागतात. सगळी ओळ पॉझिटिव्ह दिसली तर रुग्णांना फोन करण्याआधी सुई तपासा. दहापट तीव्र वॉश बफरमध्ये फ्रीजमुळे खडे धरले असतील तर ३७ अंशांवर विरघळवून मगच पातळ करायचं. टीएमबी बाटलीतच निळं झालं असेल तर फेकायचं.

आयजीएमच्या खान्यांत वेगळी भानगड. रुग्णाच्या रक्तात ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर (सांधेवातात सापडणारी अँटिबॉडी) असेल तर तो आयजीजीला चिकटून खोटा आयजीएम दाखवतो. म्हणून आयजीएमच्या डायल्युएंटमध्ये आयजीजी शोषून घेणारा घटक असतो, आणि काही किटांत पातळ केलेलं सीरम १० मिनिटं तसंच ठेवून मग प्लेटमध्ये घालायचं असतं. ही दहा मिनिटं वाचवणाऱ्याकडे सांधेवाताचे रुग्ण लाइमचे म्हणून निघतात.

रिपोर्ट हातात आल्यावर

अमेरिकेत १९९४ साली डिअरबॉर्नच्या परिषदेत ठरलेली दोन पायऱ्यांची पद्धत अजून पाया आहे. पहिली पायरी एलायझा. निगेटिव्ह आली तर तिथेच थांबायचं, फक्त लक्षण ताजं असेल तर २-३ आठवड्यांनी पुन्हा. पॉझिटिव्ह किंवा सीमारेषेवर आली तरच दुसरी पायरी, वेस्टर्न ब्लॉट. दोन्ही पायऱ्या पॉझिटिव्ह असतील तेव्हाच चाचणी पॉझिटिव्ह. नुसती एलायझा पॉझिटिव्ह म्हणजे अर्धी परीक्षा. २०१९ पासून अमेरिकेत ब्लॉटच्या जागी दुसरी, वेगळ्या अँटिजनची एलायझा लावायची सुधारित पद्धतही मंजूर आहे, पण त्यात दोन्ही किट त्या जोडीसाठी मान्य असावी लागतात. कुठल्याही दोन कंपन्यांच्या चाचण्या जोडून चालत नाही.

ब्लॉटमध्ये प्रथिनं वजनानुसार पट्टीवर पसरलेली असतात आणि ज्यावर अँटिबॉडी चिकटते तिथे रेष उमटते. आयजीएमसाठी २३, ३९ आणि ४१ किलोडाल्टन (प्रथिनाच्या वजनाचं माप) या तिनांपैकी दोन हव्यात. आयजीजीसाठी १८, २३, २८, ३०, ३९, ४१, ४५, ५८, ६६ आणि ९३ या दहांपैकी पाच. आयजीएम ब्लॉट फक्त लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या ३० दिवसांत धरायचा. त्यानंतर आयजीजीचाच कौल.

आता एक रिपोर्ट धरू. बाई फेब्रुवारीत तपासतायत, अंगदुखी ऑक्टोबरपासून, प्रवास सप्टेंबरात बॉस्टनला. एलायझा सीमारेषेवर. आयजीएम ब्लॉटवर २३ आणि ४१, खाली ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’. आयजीजीवर ४१ आणि ५८, ‘निगेटिव्ह’. घरचे ‘पॉझिटिव्ह’ शब्दावर अडतील. पण लक्षणांना चार महिने झालेत. खरा लाइम असता तर आतापर्यंत आयजीजीच्या रेषांची रांग लागली असती, कारण उपचार न झालेल्या बहुतेक रुग्णांत चार ते सहा आठवड्यांत आयजीजी वर येतो. ४१ ची रेष तर जंतूच्या शेपटीच्या प्रथिनाची आहे, तसलंच प्रथिन इतर कितीतरी जंतूंच्या अंगावर असतं, आणि निरोगी माणसांतही ती सर्रास दिसते. म्हणजे हा आयजीएम खोटा धरायचा आणि अंगदुखीचं कारण दुसरीकडे शोधायचं. उलट, जून महिन्यात परतलेल्या काकांचा गुडघा ऑक्टोबरात सुजला आणि आयजीजीवर आठ रेषा आल्या, तर आयजीएम निगेटिव्ह असला तरी काही बिघडत नाही. लाइमच्या संधिवातात आयजीजी जवळजवळ नेहमीच जोरदार असतो. अशा गुडघ्यात आयजीजी निगेटिव्ह आला तर लाइम जवळपास बाद.

एक सावधगिरी. इथल्या पुष्कळ लॅब युरोपीय बनावटीची लाइन ब्लॉट पट्टी वापरतात. तीवर व्हीएलएसई, ओएसपीसी, पी३९, पी८३ अशी निवडक प्रथिनं छापलेली असतात. तिला ‘दहांपैकी पाच’चा नियम लागूच होत नाही. तिचा निकाल त्या कंपनीच्या निकषांनीच वाचायचा. इंटरनेटवरून अमेरिकी निकष काढून या पट्टीवरच्या रेषा मोजत बसणं म्हणजे लोकलचं टाइमटेबल बघून बेस्टची बस पकडायला जाणं.

प्रवासाचा इतिहास कच्चा आणि एलायझा पॉझिटिव्ह असेल तर खोट्या पॉझिटिव्हची नेहमीची कारणं तपासा. सिफिलिस आणि लेप्टो हे बोरेलियाचे स्पायरल आकाराचे भाऊबंद. नुकताच झालेला ग्रंथीज्वर, ल्युपस, ऱ्हुमॅटॉइड, हृदयाच्या झडपेचा संसर्ग यांतही तसं होतं. व्हीडीआरएल (सिफिलिसची प्राथमिक चाचणी) सोबत करून घ्यावी. लाइममध्ये ती सहसा निगेटिव्ह राहते, त्यामुळे ती पॉझिटिव्ह आली तर दिशा वेगळी. एफटीए-एबीएससारख्या सिफिलिसच्या दुसऱ्या चाचण्या मात्र लाइममुळे फसू शकतात.

पीसीआर कुठे कामाचा

रक्तावरचा लाइम पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) बहुतेकदा पैशांचा चुराडा. जंतू रक्तात थोडे आणि थोडाच काळ असतात, निगेटिव्ह आल्याने काहीच सिद्ध होत नाही. गुडघ्यातून काढलेल्या पाण्यावर मात्र तो चांगला चालतो, आयजीजी पॉझिटिव्ह असताना शिक्कामोर्तबासाठी. ते पाणी ईडीटीएच्या जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये किंवा निर्जंतुक डबीत पाठवा, हेपरिनच्या हिरव्या बुचात नको, कारण हेपरिन पीसीआरची प्रक्रियाच रोखतं. चट्ट्याच्या कडेचा २ ते ४ मिलिमीटरचा तुकडा घेतला असेल तर सलाइनमध्ये. सवयीने फॉर्मेलिनमध्ये टाकला की पीसीआरसाठी तो गेला.

मेंदू-मज्जासंस्थेची शंका असेल तर पाठीचं पाणी आणि रक्त एकाच दिवशी, एकाच लॅबला. दोन्हींतल्या अँटिबॉडींचं प्रमाण एकूण आयजीजीशी ताडून निर्देशांक काढतात. साधारण १.५ च्या वर गेला तर अँटिबॉडी मेंदूच्या आवरणातच तयार होतायत असं मानतात. सुई टोचताना रक्त मिसळलं तर निर्देशांक बिघडतो, म्हणून पहिली नळी यासाठी वापरू नका. पाठीच्या पाण्यावरचा पीसीआर निगेटिव्ह आला म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही.

लघवीतला लाइम अँटिजन, सीडी५७ ची मोजणी, लिम्फोसाइट ट्रान्सफॉर्मेशन, थेंबभर रक्त मायक्रोस्कोपखाली बघून ‘जंतू हलतोय’ दाखवणं: यांतल्या कशालाच निदानासाठी मान्यता नाही. परदेशी लॅबकडे कुरिअरने रक्त पाठवायचा सल्ला मिळाला तर आधी बघा, ती लॅब ब्लॉटसाठी प्रमाण निकष वापरते की स्वतःचे सैल निकष.

उपचारांनंतर

गोळ्यांचा कोर्स संपल्यावर ‘गेला का बघायला’ पुन्हा चाचणी करू नका. आयजीजी आणि कधी कधी आयजीएमही बरं झाल्यावर वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहतात, आणि आकडा कमी-जास्त झाल्यावरून उपचार लागू पडले की नाही हे ठरत नाही. लक्षणं उतरतायत का, एवढंच बघायचं. गुडघ्याची सूज उतरायला आठवडे, कधी महिने लागतात. पहिला रिपोर्ट, ब्लॉटवरच्या रेषांच्या आकड्यांसह, फाइलमध्ये जपून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात त्याच अंगणात पुन्हा गोचीड चावली आणि नवा चट्टा उठला, तर निर्णय चट्टा बघूनच घ्यायचा, कारण रक्त जुन्या संसर्गामुळे आधीपासूनच पॉझिटिव्ह असेल.